नॅकची तयारी: गुण कुठे ठरतात आणि कागद कुठे अडतात

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असं कळलं की महाविद्यालयात सगळ्यांत आधी रंगारी येतो. मग कुंड्या, नवे फलक, दारात रांगोळी, प्राध्यापिकांच्या एकसारख्या साड्या. प्रत्यक्षात समितीने फाटकातून पाऊल टाकण्याआधीच बहुतेक गुणांचा निकाल लागलेला असतो. जुलै २०१७ मध्ये आलेल्या सुधारित पद्धतीत साधारण ७० टक्के वजन संख्यात्मक मेट्रिकना, म्हणजे आकड्यांत मोजायच्या मुद्द्यांना आहे आणि ३० टक्के वर्णनात्मक उत्तरांच्या, गुणात्मक मेट्रिकना. संख्यात्मक भाग आपण भरलेल्या माहितीवरून आणि जोडलेल्या पुराव्यांवरून समिती येण्याआधी तपासला जातो. समितीच्या हातात उरतात ते ३० टक्के. तयारीचा वेळ आणि पैसा मात्र नेमका उलट्या प्रमाणात खर्च होतो.

हा लेख मुख्यतः संलग्न महाविद्यालयांतल्या मंडळींसाठी आहे. नव्याने समन्वयक झालेले, प्रभारी प्राचार्यपदाचा भार अचानक अंगावर आलेले आणि स्टाफ मीटिंगमध्ये ‘तुमच्याकडे क्रायटेरिया पाच’ (म्हणजे मूल्यांकनाचा पाचवा निकष) एवढंच ऐकून बाहेर पडलेले, असे सगळे.

आधी थोडी ओळख

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेली स्वायत्त संस्था आहे. मुख्यालय बंगळुरूला. ती संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करते. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळ, एकेका अभ्यासक्रमाचं मानांकन करते, म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेला ते मिळतं आणि स्थापत्य शाखेला मिळत नाही, असं होऊ शकतं. एनआयआरएफ ही केंद्र सरकारकडून २०१६ पासून जाहीर होणारी उच्च शिक्षण संस्थांची क्रमवारी आहे. तिथे इतरांशी तुलना होते. प्रवेशाच्या जाहिरातींत या तिघांची सरमिसळ सर्रास केलेली असते, म्हणून पालकांनी प्रमाणपत्रावरची वैधतेची तारीख आणि कोणत्या फेरीचं, म्हणजे कितव्यांदा झालेलं मानांकन आहे, हे तरी पाहावंच.

नॅकमध्ये ४ पैकी सरासरी गुणांक काढला जातो. ३.५१ आणि त्यावर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, २.७६ ते ३.०० बी प्लस प्लस, २.५१ ते २.७५ बी प्लस, २.०१ ते २.५० बी, १.५१ ते २.०० सी. १.५० किंवा त्याखाली डी, म्हणजे मानांकन नाही. या सीमारेषा किती बारीक असतात ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या २०२१ च्या निकालात दिसतं. ३.५२ गुणांक आणि ए प्लस प्लस. मुंबई विद्यापीठालाही त्याच वर्षी तीच श्रेणी मिळाली, पण ३.६५ वर. दोन शतांश कमी पडले असते तर कोल्हापूरला श्रेणी एक पायरी खालची मिळाली असती. म्हणून ‘एवढ्याशा मेट्रिकने काय फरक पडतो’ हे वाक्य समन्वयकाने आपल्या शब्दकोशातून काढून टाकावं.

पद्धत बदलते आहे, तर आता तयारी कशाची करायची?

हा प्रश्न सध्या प्रत्येक स्टाफरूममध्ये आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनुसार श्रेणी देणं थांबवून दोन पातळ्यांची रचना आणण्याचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. पहिल्या पातळीवर मानांकन आहे की नाही, एवढंच ठरेल. जे उंबरठ्यापाशी आहेत त्यांना ‘प्रतीक्षेत’ असा शेरा मिळेल. त्यापुढे ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी परिपक्वतेच्या एक ते पाच पातळ्या आहेत. विद्यापीठ, शासन, नॅक, एनआयआरएफ सगळ्यांना वेगवेगळ्या तक्त्यांत तीच माहिती पुन्हा पुन्हा देण्याऐवजी ती एकाच राष्ट्रीय पोर्टलवर भरायची आणि तिथूनच सगळ्यांनी घ्यायची, अशीही कल्पना आहे.

या बदलामागे विश्वासाचा प्रश्नही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना अटक केली. माणसाच्या भेटीवर कमी आणि तपासता येणाऱ्या माहितीवर जास्त भर, ही दिशा २०१७ पासूनच होती. आता ती आणखी पक्की होते आहे.

तेव्हा कोणत्या नमुन्यात अर्ज करायचा आणि तो कधी स्वीकारला जाईल, हे नॅकच्या संकेतस्थळावरच्या ताज्या सूचनेवरूनच ठरवा. एखाद्या कार्यशाळेत मिळालेल्या जुन्या पीपीटीवर विसंबू नका. पण माहिती कशी गोळा करायची, पुरावा कशाला म्हणायचं आणि कागद कुठे अडतो, हे दोन्ही पद्धतींत फारसं बदलत नाही. पुढचं विवेचन श्रेणी पद्धतीच्या सात निकषांना धरून आहे, कारण बहुतेक महाविद्यालयांचे कागद आजही त्याच खणांत लावलेले आहेत.

पहिलं काम: वजन कुठे आहे ते पाहा

सात निकष सगळ्यांना पाठ असतात: अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन, संशोधन आणि विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती, प्रशासन, आणि संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम. एकूण वजन १०००. पण ते सगळीकडे सारखं वाटलेलं नाही. विद्यापीठासाठी संशोधनाला २५० आणि अध्यापनाला २०० आहेत. स्वायत्त महाविद्यालयासाठी अध्यापनाला ३००. आणि पदवीपर्यंतच्या संलग्न महाविद्यालयासाठी दुसऱ्या निकषाला एकट्याला ३५०, पाचव्याला १४०, तिसऱ्याला ११० आणि बाकी चौघांना प्रत्येकी १००.

याचा हिशेब एकदा कागदावर करून प्राचार्यांसमोर आणि संस्थाचालकांसमोर ठेवावा. समजा, महाविद्यालयाचा अंदाजे गुणांक २.६० आहे, म्हणजे बी प्लस. संस्थेने कर्ज काढून नवं ग्रंथालय आणि सभागृह बांधलं आणि चौथ्या निकषाचे गुण २.०० वरून थेट ३.५० वर नेले. एकूण गुणांकात भर पडली ०.१५. झाले २.७५. अजूनही बी प्लसच! याउलट दुसऱ्या निकषात २.४० चे ३.०० झाले, तर भर पडते ०.२१ आणि २.८१ वर बी प्लस प्लस मिळते. इमारत बांधू नका असं कोणी म्हणत नाही. विद्यार्थ्यांना ग्रंथालय हवंच आहे. पण ‘नॅकसाठी’ म्हणून बांधत असाल तर गणित चुकलेलं आहे.

दुसरा निकष: इथे थांबावं लागेल

महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांचं सगळ्यात मोठं दुखणं याच निकषात आहे. मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हे इथे विचारलं जातं. भरती रखडलेली, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या, आणि निम्मा वर्कलोड तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर. हे सीएचबी शिक्षक कितीही मन लावून शिकवत असले, तरी पूर्णवेळच्या रकान्यात त्यांना बसवता येत नाही. बसवलंत तर पडताळणीत नियुक्तिपत्रं मागितली जातात आणि आकडा खाली येतो. यावर महाविद्यालयाच्या हातात फार थोडं आहे, हे मान्य करावं. जे आहे ते असं: मंजूर पदांचं सहसंचालक कार्यालयाचं पत्र वर्षनिहाय काढून ठेवा, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही) अद्ययावत ठेवा, आणि कायम विनाअनुदानित तुकड्यांवर संस्थेने नेमलेल्या पूर्णवेळ शिक्षकांची विद्यापीठ मान्यता वेळेत घ्या. मान्यतेचं पत्र नाही म्हणून चांगला शिक्षक मोजणीतून गळतो, असं फार ठिकाणी होतं.

आरक्षित जागांवरच्या प्रवेशाचं मेट्रिकही याच निकषात. त्यासाठी राज्याच्या आरक्षण धोरणाचं पत्र लागतं. ते मराठीत असतं आणि तपासणारी व्यक्ती मराठी वाचणारी असेलच असं नाही. प्रादेशिक भाषेतल्या कागदांचा इंग्रजी अनुवाद साक्षांकित करून जोडावा लागतो. शासन निर्णय, एनएसएसची पत्रं, ग्रामपंचायतीचे दाखले, वर्तमानपत्रांतली कात्रणं, सगळ्यांना हे लागू. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकलं की इंग्रजीच्या प्राध्यापकांची झोप उडते. दाखला हातात आला की त्याच दिवशी चार ओळींचा अनुवाद करून त्याला टाचून ठेवणं सोपं.

आता अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावं ते. स्टाफरूमच्या भाषेत सीओ (एका पेपरची) आणि पीओ (पूर्ण अभ्यासक्रमाची). या मेट्रिकची सगळ्यात जास्त नक्कल होते. शेजारच्या महाविद्यालयाचा तक्ता घ्यायचा, नाव बदलायचं, अपलोड करायचं. वास्तविक हिशेब अवघड नाही. एक उदाहरण घेऊ. बी.ए.च्या मराठीच्या एका पेपरला ६० विद्यार्थी आहेत. पेपरच्या चार निष्पत्ती लिहिल्या. ‘विद्यार्थी कवितेतील प्रतिमांचं विश्लेषण करतो’ अशा, क्रियापद तपासता येईल अशा. ‘साहित्याची गोडी लागते’ ही निष्पत्ती कितीही खरी असली तरी मोजायची कशी? अंतर्गत चाचणीच्या प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या निष्पत्तीचा आहे ते लिहिलं. महाविद्यालयाने स्वतःचं लक्ष्य ठरवलं: ५० टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी ७० टक्के किंवा जास्त असले तर पातळी ३, ६० टक्क्यांपासून पातळी २, ५० पासून पातळी १.

चाचणीत दुसऱ्या निष्पत्तीच्या प्रश्नांत ४२ विद्यार्थ्यांनी लक्ष्य गाठलं, म्हणजे ७० टक्के, पातळी ३. विद्यापीठाच्या परीक्षेत प्रश्ननिहाय गुण हाती येत नाहीत, म्हणून एकूण गुण धरले. तिथे ३८ जणांनी लक्ष्य गाठलं, ६३ टक्के, पातळी २. अंतर्गत आणि विद्यापीठ परीक्षेचं प्रमाण ३०:७० असेल तर प्रत्यक्ष साध्य झालं ०.९ अधिक १.४, म्हणजे २.३. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातून आलेलं अप्रत्यक्ष साध्य समजा २.५. दोन्हींना ८०:२० वजन दिलं की उत्तर २.३४. हेच प्रत्येक निष्पत्तीसाठी. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात: लक्ष्य कुठे हुकलं आणि पुढच्या वर्षी त्यासाठी काय केलं, याची विभागाच्या इतिवृत्तात एक नोंद. समितीच्या भेटीत विभागप्रमुखाला हाच प्रश्न येतो, आणि नकललेल्या तक्त्याला तिथे उत्तर नसतं.

याच निकषात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे. संलग्न महाविद्यालयांच्या नियमपुस्तिकेत या एकाच मेट्रिकचं वजन ५० किंवा त्याहून जास्त. नॅक ते स्वतः घेतं. आपण फक्त विद्यार्थ्यांची यादी ईमेलसह द्यायची. महाविद्यालयांकडून एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा लहान असेल तितके प्रतिसाद यावे लागतात. प्रश्न २१, त्यातला शेवटचा मोकळ्या उत्तराचा. अडचण ईमेलची असते. प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल शंभर अर्जांत टाकलेला असतो! म्हणून यादी देण्याआधी प्रत्येक वर्गात ईमेल तपासून घ्या, मेल उघडायला शिकवा, तो स्पॅममध्ये जाऊ शकतो हे सांगा. काय भरायचं ते मात्र सांगू नका. ते चुकीचं आहे, आणि मुलं ते लगेच बाहेर बोलतात.

कागदांची व्यवस्था

मूल्यांकनासाठी मागच्या पूर्ण झालेल्या पाच वर्षांची माहिती लागते. पाच वर्षांत लिपिक बदलतो, प्राचार्य निवृत्त होतात, संगणक फॉरमॅट होतो. त्यामुळे पहिली व्यवस्था अशी लावा की माहिती माणसाच्या पेनड्राइव्हवर राहणार नाही. महाविद्यालयाच्या नावाचं एक क्लाउड खातं, त्यात वर्षनिहाय फोल्डर, आत मेट्रिकच्या क्रमांकाने फोल्डर. नावं इंग्रजीत, छोटी, रिकाम्या जागा न सोडता. फाइलचा आकार मर्यादित असतो, म्हणून स्कॅन करतानाच कमी रिझोल्यूशनला करा.

कोणतं वर्ष धरायचं, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. प्रवेशाला शैक्षणिक वर्ष, खर्चाला आर्थिक वर्ष, काही ठिकाणी कॅलेंडर वर्ष. प्रत्येक मेट्रिकखाली नियमपुस्तिकेत ते दिलेलं असतं. एकदा तक्ता करून भिंतीवर लावा.

कार्यक्रमाचा पुरावा म्हणजे काय? मंजुरीची टिप्पणी किंवा परिपत्रक, तारीख-वेळ-ठिकाण दिसणारे जिओटॅग फोटो, सहभागींची सही असलेली यादी, एक पानाचा अहवाल आणि प्राचार्यांची सही-शिक्का. पाहुण्यांना हार घालतानाचे बारा फोटो असतात आणि विद्यार्थी दिसणारा एकही नसतो, हा आपल्याकडचा जुना आजार. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा.

शिष्यवृत्तीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरची मंजूर यादी वर्षाच्या शेवटी डाउनलोड करून ठेवा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अल्पसंख्याक योजना, सगळ्या वेगळ्या. अर्ज केलेले आणि लाभ मिळालेले यांत फरक आहे, आणि मोजायचे ते लाभ मिळालेले. नोकरी लागलेल्या किंवा पुढे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांचे कागद मिळवणं सर्वांत चिवट काम. पास होऊन गेल्यावर मुलं फोन उचलत नाहीत. टीसी आणि गुणपत्रक न्यायला येतात त्या खिडकीवर एक छोटा अर्ज ठेवा आणि पुढच्या प्रवेशाची पावती किंवा नेमणूक पत्र व्हॉट्सॲपवर मागवा. मुलींचा प्रतिसाद चांगला येतो, असा सगळ्यांचा अनुभव आहे.

खर्चाच्या मेट्रिकना सनदी लेखापालाने प्रमाणित केलेलं लेखापरीक्षित विवरण लागतं, त्यात संबंधित रकमा ठळक करून. संस्थेच्या एकत्रित ताळेबंदातून महाविद्यालयाचा खर्च वेगळा दिसत नसेल, तर तो वेगळा काढून घेण्याचं काम लेखापालाकडे वर्षभर आधी द्या. सामंजस्य करारांची मोठी यादी फारशी उपयोगाची नाही. कराराखाली प्रत्यक्ष काय घडलं, हे विचारलं जातं. फोटोसाठी केलेल्या वीस करारांपेक्षा जिथे दरवर्षी मुलं प्रशिक्षणाला जातात असे तीन पुरेत.

हे सगळं बघणारा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी, कागदावरचा नसावा. त्याच्या बैठका, इतिवृत्तं, कृती अहवाल संकेतस्थळावर असावे लागतात. दुसऱ्या किंवा पुढच्या फेरीतल्या महाविद्यालयांना दरवर्षीचा एक्यूएआर हा वार्षिक गुणवत्ता अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा असतो. तो न चुकता भरणाऱ्यांचा अर्धा एसएसआर, म्हणजे नॅकला द्यायचा मुख्य अहवाल, आपोआप तयार होतो. पाच वर्षांचे अहवाल एकदम बसून भरणाऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

अर्ज ते पडताळणी

स्थापनेला सहा वर्षं झालेली किंवा किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेली संस्था पात्र ठरते. दुसऱ्या फेरीपासून वैधतेच्या शेवटच्या सहा महिन्यांत अर्ज करता येतो. पहिला अर्ज आयआयक्यूए, म्हणजे पात्रतेची माहिती: एआयएसएचई (केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण) क्रमांक, विद्यापीठाचं संलग्नीकरण, असल्यास विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या दोन एफ आणि बारा बी कलमांखालची मान्यता. शुल्क २५,००० रुपये अधिक जीएसटी, आणि ते परत मिळत नाही. संलग्नीकरणाचं पत्र चालू वर्षाचं हवं. बऱ्याच अर्जांची परतफेरी इथेच होते.

आयआयक्यूए स्वीकारला गेला की एसएसआर, म्हणजे स्वयंअध्ययन अहवाल भरायला ४५ दिवस मिळतात. ते खूप वाटतात. त्यात दोन रविवार-सणांचे आठवडे, विद्यापीठाची परीक्षा आणि एखादी निवडणूक ड्युटी आली की संपतात. म्हणून नियम असा ठेवा: एसएसआरचा मसुदा, सगळे तक्ते आणि सगळ्या जोडण्या तयार झाल्याशिवाय आयआयक्यूए भरायचाच नाही. गुणात्मक उत्तरांना शब्दमर्यादा असते. तिथे विशेषणं नकोत. ‘महाविद्यालय विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे’ हे वाक्य प्रत्येक एसएसआरमध्ये असतं आणि त्याला गुण नसतात.

लागू नसलेली काही संख्यात्मक मेट्रिक वगळण्याची सोय असते, पण त्यांचं एकूण वजन ५० पर्यंतच, आणि पहिल्या, दुसऱ्या व सातव्या निकषातली वगळता येत नाहीत. ही सोय वापरा. शून्य मिळवण्यापेक्षा वगळलेलं बरं.

नंतर डीव्हीव्ही, म्हणजे माहितीची पडताळणी. नॅकने नेमलेली यंत्रणा आकडे आणि कागद ताडून पाहते आणि जिथे शंका येईल तिथे खुलासा मागते. उत्तराला १५ दिवस. हे १५ दिवस कोणालाही रजा देऊ नका. खुलाशात काय मागितलं आहे ते तीनदा वाचा. ‘१२ पैकी ५ विद्यार्थ्यांची नेमणूक पत्रं’ मागितली असतील तर नेमकी त्याच पाचांची द्या, यादीतल्या क्रमाने. उत्तरात वाद घालू नका, शासनाच्या दिरंगाईची कहाणी सांगू नका, कागद जोडा. कागद नसेल तर आकडा स्वतःहून कमी करा. फुगवलेला आकडा पडताळणीत उघडा पडला की पुढच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

संख्यात्मक भागात पडताळणीनंतर किमान २५ टक्के मिळाले तरच समिती येते. नाहीतर पुन्हा आयआयक्यूएपासून सुरुवात.

समितीची भेट

महाविद्यालयाला ती साधारण दोन दिवसांची असते. प्रत्यक्ष होईल की ऑनलाइन, हे त्या वेळच्या सूचनेवर अवलंबून. सदस्य राज्याबाहेरचे असतात. प्रवास-निवासाची व्यवस्था नॅक करतं. आपण त्यात पडायचं नाही आणि भेटवस्तू तर मुळीच द्यायच्या नाहीत, अगदी शाल-श्रीफळही. आपल्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवणं जड जातं, पण इथे तो नियम आहे.

पहिलं प्राचार्यांचं सादरीकरण. वीस मिनिटांत संपवा. त्यात संस्थेचा इतिहास पाच मिनिटांहून जास्त नको. नंतर विभागांच्या भेटी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, आणि विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक, शिक्षकेतर कर्मचारी यांच्याशी स्वतंत्र बैठका. या बैठकांत शिक्षक नसतात. तिथे पढवलेली मुलं बसवण्याचा मोह आवरावा. सदस्यांना दुसऱ्याच प्रश्नात कळतं. शिक्षकेतर सेवकांनाही आपल्या कामाची माहिती द्या. प्रयोगशाळा परिचराला अग्निशामक कुठे आहे आणि तो कसा वापरायचा, हे विचारलेलं आहे.

गुणात्मक भागात सातव्या निकषातले दोन उत्तम उपक्रम आणि संस्थेचं वेगळेपण यांवर समिती रेंगाळते. वृक्षारोपण, रक्तदान आणि स्वच्छता मोहीम सगळीकडेच असतात. आपल्या परिसरातून काय उगवलं आहे ते शोधा. समजा, महाविद्यालय बीड जिल्ह्यात आहे आणि दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो. परतल्यावर त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये जादा वर्ग घेतले जात असतील, तर त्याची हजेरी, निकालातला फरक आणि तीन वर्षांचे आकडे मांडा. हे काम बरीच महाविद्यालयं गाजावाजा न करता करतात आणि एसएसआरमध्ये मात्र लिहितात ‘ग्रीन कॅम्पस’. सातारा-पुणे पट्ट्यात ‘कमवा आणि शिका’ योजनेला मोठी परंपरा आहे. तीही नुसत्या नावाने न लिहिता किती मुलांनी किती तास काम केलं, त्यांचं शिक्षण टिकलं का, असं लिहिली तर वजन येतं.

हरित लेखापरीक्षणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वीज बिलं आणि पाण्याची मोजणी न पाहता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था बाजारात आहेत. त्यांच्या कागदावर पैसे घालण्यापेक्षा पर्यावरणशास्त्राच्या मुलांकडून बिलांचा तीन वर्षांचा आलेख काढून घ्या आणि तो घेऊन बाहेरच्या तज्ज्ञाला बोलवा.

भेटीच्या शेवटी एक्झिट मीटिंग होते. अहवालावर प्राचार्यांची सही घेतली जाते, पण श्रेणी तिथे कळत नाही. ती नंतर, सगळे भाग एकत्र करून नॅककडून जाहीर होते. ‘समिती खूश होती’ या वाक्यावर पेढे आणू नका.

निकालानंतर

मानांकन पाच वर्षं वैध असतं. सर्वोच्च श्रेणी सलग राखणाऱ्यांना तिसऱ्या फेरीत सात वर्षांची मुदत मिळण्याची तरतूद आहे. निकाल पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं, आणि श्रेणी सुधारायची असेल तर एक वर्षानंतर व तीन वर्षांच्या आत पुनर्मूल्यांकनाला जाता येतं. अपील करण्याआधी निकषनिहाय गुणपत्रक नीट वाचा. गुणात्मक भागात कमी मिळाले असतील तर बोलायला जागा असते. संख्यात्मक भागात पुरावाच जोडला नव्हता, तर अपिलाचं शुल्क वाया जातं.

ज्यांचं अजून एकदाही मूल्यांकन झालेलं नाही, त्यांनी मदत मागायला लाजू नये. मानांकित महाविद्यालयाने अमानांकित महाविद्यालयाला हात द्यावा यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘परामर्श’ योजना २०१९ मध्ये आली आणि महाराष्ट्र शासनाची ‘परिस स्पर्श’ योजनाही आहे. खासगी सल्लागार नेमायचाच असेल तर त्याला तक्ते तपासायला द्या, लिहायला देऊ नका. त्याने लिहिलेल्या एसएसआरवर विभागप्रमुखांना भेटीत बोलता येत नाही.

आणि एक व्यवस्था निकालाच्या आठवड्यातच करून टाका. नॅक पोर्टलचा युजरनेम, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक बहुतेक वेळा समन्वयकाच्या वैयक्तिक नावावर असतो. तो संस्थेच्या क्रमांकावर बदलून घ्या, तिजोरीत एक प्रत ठेवा आणि समन्वयक निवृत्त होण्याच्या वर्षभर आधी सहसमन्वयक नेमा.